मागून येणारी हाळी

मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर बसतो. भरलेली ट्रॉली आली की तिचं वजन घ्यायचं, माल उतरवून ती रिकामी परतली की पुन्हा घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे माल. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे असेल, घरातसुद्धा मला अंदाजानं काही जमत नाही. किती माणसं, किती पीठ, किती पाणी हे ठरल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही. बायको म्हणते, "तुम्हाला पाहुणा दिसतच नाही, त्याच्या भाकरी दिसतात." ते खरं आहे.

यंदाच्या येळवशीला हिशोब सोपा होता. घरात दोनच माणसं, आई आणि मी.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. पंचांगात वेळ अमावस्या म्हणतात. बीड जिल्ह्याच्या वरच्या भागात हा सण फारसा नाही, पण आमच्या अंबाजोगाई-धारूरच्या बाजूला दिवाळीपेक्षा मोठा. त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही. बाजारपेठ बंद, रस्ते ओस, प्रत्येक घर आपापल्या रानात. रानात कडब्याच्या पेंढ्यांचा कोप उभा करायचा, म्हणजे लहानशी खोपटी. आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि घरच्या सगळ्यांनी तिथंच बसून जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबट आंबील.

जेवणाआधी फेरी असते. एकानं आंबिलीचं भांडं घेऊन पुढे चालायचं, कडुलिंबाच्या डहाळीनं चारी बांधांवर आंबील शिंपडायची आणि हाळी द्यायची. दुसऱ्यानं मागून चालत ती हाळी पुरी करायची. शब्द कानडी वळणाचे आहेत, त्यांचा अर्थ आमच्यात कुणालाच सांगता येत नाही. अर्थाशिवाय चालतं, उत्तराशिवाय चालत नाही. अर्धी हाळी रानात टाकून पुढे जायचं नसतं. आणि उत्तर देणारं माणूस त्याच घरचं लागतं.

लहानपणी मला यातलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. तेव्हा वडील आणि चार चुलते एकत्र होते. कोप एवढा मोठा की त्यात बायका ओळीनं बसत आणि आम्ही पोरं बाहेर, उन्हात. येळवस म्हणजे बाभळीला बांधलेला झोका, तुरीच्या शेंगा, आणि कुणाच्या ताटात खीर जास्त पडली यावरून भांडण. माणसं मोजावीत असं कधी वाटलं नाही. जे कायम भरलेलंच असतं ते कोण मोजतो?

मग फेरीत वडिलांच्या मागं चालण्याचं काम माझ्याकडे आलं. वडील पुढे, मी मागे. त्यांचा आवाज जाड, माझा तेव्हा फुटायला लागलेला. माझं उत्तर मध्येच चिरकायचं आणि रानभर चुलत्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. वडील मात्र मागं वळून बघत नसत. उत्तर पुरं होईपर्यंत थांबत आणि मगच पाऊल उचलत.

पुढे वाटण्या झाल्या. एका कोपाचे पाच कोप झाले. आता प्रत्येक चुलत भाऊ आपापल्या तुकड्यात कोप करतो, एकमेकांचा धूर दिसतो, हाळ्या ऐकू येतात. त्यात कुणाची चूक नाही. माणसं वाढली तर एका कोपात मावणार नाहीत, हा साधा हिशोब आहे. नोकरीला लागल्यावर काही वर्षं मला येळवस म्हणजे रजा टाकायची कटकट वाटायची. लग्नानंतर ती यादी झाली, किराणा, सरपण, कुणाला कुठून आणायचं. मी व्यवस्था बघायचो. सण दुसरे करायचे.

वडील गेल्यावर मी पुढे चालायला लागलो आणि मुलगा मागे. तो पुण्याला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला. तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, मी येते मागं." चुलत भावांना ते पटलं नाही. एकजण बांधावरून ओरडला, "आरं, पोरीनं हाळी दिल्याली कधी ऐकली हाय का?" आई कोपातूनच म्हणाली, "चालू दे तिला. म्या बी चालायचे." मी त्यावर काही विचारलं नाही. उत्तराचा प्रश्न सुटला होता, तेवढं मला पुरे होतं.

मुलीचा आवाज स्वच्छ होता. चौथ्या बांधावरून दिलेलं उत्तर पहिल्या बांधावर ऐकू यायचं. दरवर्षी फेरी संपली की ती म्हणायची, "पप्पा, तुम्ही लई हळू चालता," आणि मी म्हणायचो, "तू घाई करतेस." याच्यापलीकडे आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. धारूरच्या घाटापलीकडचं गाव, माणसं चांगली, शेती आमच्यापेक्षा जास्त. दिवाळीला ती आली, चार दिवस राहिली. पण दिवाळी लेकींचा सण आहे, येळवस नाही. येळवशीला ज्याचं घर त्याचं रान. सासुरवाशीण त्या दिवशी माहेरी येत नाही, आणि तसं कुणी बोलावतही नाही. नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होता. फक्त तो आपल्याला लागू होईल हे मी धरलं नव्हतं.

बायको दिवाळीनंतर पुण्याला गेली, नातवाला सांभाळायला. मुलगा-सून दोघं कामावर जातात. येळवस जवळ आल्यावर तिनं फोन केला, "येऊ का मी?" मी म्हणालो, "नको. जाण्यायेण्यात तीन दिवस जातील, तेवढ्यात पोराला कोण बघणार?" ती म्हणाली, "बरं. आंबील आदल्या दिवशीच घाला, विसरू नका."

आंबील मी घातली. प्रश्न फेरीचा होता. मागून हाळी कोण देणार?

शेजारच्या रानातले म्हातारबा आहेत. त्यांचा मुलगा आणि सून दरवर्षी ऊसतोडीला कारखान्यावर जातात, म्हातारबा मागं शेरडं राखत राहतात. आदल्या दिवशी मी कडबा उतरवत होतो तेव्हा ते बांधावर येऊन बसले.

"काका, उद्या माझ्या मागं चालता का?" मी विचारलं.

"मी?" ते दचकलेच. "तुझ्या रानाची हाळी म्या दिली तर पीक माझ्या नावावर येईल की बे. मग भांडत बसशील."

"मी नाही भांडणार."

"तू न्हाई, पर रान भांडंल. घरचंच माणूस लागतं. जेवायला येतो, हाळीला न्हाई."

रात्री हे आईला सांगितलं. तिचे गुडघे गेलेत, घरात भिंत धरून चालते, बांधावरून चालणं शक्यच नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्या देते की. कोपात बसून देते. चालायचं पायांनी असतं, हाळी काय पायांनी देत्यात?"

मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. आमचा कोप दरवर्षी विहिरीजवळ, रानाच्या एका कोपऱ्यात असतो. तिथून समोरचा बांध लांब. म्हातारीचा आवाज तिथपर्यंत पोचणार नाही. तोच कोप रानाच्या मधोमध बांधला तर चारी बांध सारख्या अंतरावर येतील आणि लांबचं अंतर निम्मं होईल. मी सकाळी अंधार असतानाच रानात गेलो, मधली थोडी ज्वारी काढून जागा केली आणि कोप तिथं बांधला. दोघांपुरता, लहान. मला समाधान वाटलं. हे आजवर कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, असंही वाटलं.

परत येऊन स्वयंपाक. चूल मी पेटवली, आई बाजेवर बसून सांगत होती. तुरीचे दाणे, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, गाजर, मेथी, सगळं एका पातेल्यात शिजवून वर चिंचेचं पाणी आणि बेसन. मी दोघांच्या मापानं घेतलं होतं, आणि म्हातारबांचं एक. आईनं पातेल्यात डोकावून बघितलं.

"हे काय? येळवशीला इतकुसं करतेत व्हय?"

"खाणारी माणसं तीन आहेत, आई."

"बांधावरनं जाणाऱ्याला काय दाखवशील, काटा?"

मी आणखी भाज्या घातल्या. मग मीठ किती, हा प्रश्न आला.

"पुरंल तितकं टाक."

"म्हणजे किती?"

"आता पुरंल तितकं म्हणजे पुरंल तितकं!"

"चाखून बघू?"

"निवद दाखवायच्या आदी? देवाला उष्टं खाऊ घालतोस का? वासावर कळतं."

मला वासावर मीठ कळत नाही. कमी टाकलेलं पुढे वाढवता येतं, जास्त पडलेलं काढता येत नाही, म्हणून मी कमी टाकलं.

दहाच्या सुमाराला रिक्षा बोलावली. पातेली, मडकं, पाच दगडांवर पांघरायची शाल, आईसाठी प्लास्टिकची खुर्ची. रिक्षा बांधापर्यंत गेली, तिथून मी आईला धरून सरीतून नेलं. पहिल्या वळणावरच ती थांबली.

"हिकडं कुठं? हिरीकडं चल."

"कोप मध्ये बांधलाय यंदा."

"कावून?"

"तुझा आवाज चारी बांधाला जावा म्हणून."

कोपापाशी आल्यावर तिनं वाकून आत बघितलं. "कोप हाय का कोंबड्यांचं खुराडं?" म्हणाली, पण आवाजात राग नव्हता. म्हातारबा मागून आले आणि ते मात्र मोठ्यानं हसले. "रानाच्या पोटात कोप? रानडुकराला निवद हाय का बे?"

पूजा झाली. आईनं कोपाच्या तोंडाशी खुर्ची मांडायला लावली आणि बसली. म्हातारबा शेरडं वळवायला गेले. आम्ही दोघंच उरलो. दिवा नीट लागायची वाट बघत होतो तेव्हा आईनं विचारलं, "लेकीचा फोन आला का?"

"नाही. आज कामात असेल."

"पहिली येळवस हाय तिची तिकडं." मग ती दिव्याकडे बघत म्हणाली, "माझी पहिली येळवस मला आजूक ध्यानात हाय. कोपात ही सगळी माणसं, तुझी आजी, जावा, पोरं. बसायला जागा न्हाई. आन् मला वाटलं, म्या एकलीच हाय."

"एकटी?"

"तिकडं बापाच्या मागं कोण चालत आसंल, ह्येच डोक्यात. म्या चालायचे ना. भाऊ लई बारका व्हता." तिनं दिव्याची वात जरा पुढे सारली. "तुझ्या बापानं हाळी दिली की म्या माहेराकडं, केजकडं तोंड करून उत्तर द्यायचे. तोंडातल्या तोंडात. कुणाला कळलं न्हाई."

"मग पुढे कधी माहेरच्या रानात गेली नाहीस, येळवशीला?"

"लगीन झाल्यावर? कशी जाणार? ह्या दिवशी घर सोडता येतं का? बाप गेला तरी त्याच्या कोपात पुन्यांदा बसले न्हाई म्या."

लहानपणीच्या त्या मोठ्या कोपात आई, आजी, चार चुलत्या, नंतर आमच्या वेगळ्या कोपात माझी बायको, यातली प्रत्येकजण दुसऱ्या कुठल्या तरी कोपातून कमी झालेली होती. मी ज्याला भरलेलं समजत होतो ते कुठून कुठून रिकामं होऊन भरलेलं होतं. काट्यावर बसणाऱ्या माणसाला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

"जा आता," आई म्हणाली. "ऊन चढायलंय."

मी आंबिलीचं भांडं उचललं आणि ज्वारीतून पहिल्या बांधावर गेलो. डहाळी बुडवली, शिंपडली, हाळी दिली. थांबलो.

काही ऐकू आलं नाही.

आधी वाटलं, ती विसरली असेल. पुन्हा दिली. ज्वारीच्या पानांची सळसळ, दाण्यांवर बसलेल्या पाखरांचा आवाज, बाकी काही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली आहे. कणसं भरलेली, पानं एकमेकांत गुंतलेली. मी अंतर मोजलं होतं, मधल्या पिकाची उंची मोजली नव्हती. विहिरीच्या बाजूला हरभरा आहे, घोट्याएवढा. कोप तिथं असता तर निदान दोन बांधांवर तिचा आवाज सरळ आला असता. सगळ्यांनी विहिरीजवळच कोप का बांधला होता, ते मला भांडं हातात घेऊन उभा असताना कळलं.

परत जाता येत नव्हतं. फेरी सुरू झाली की मोडत नाहीत. मी पुढे चालत राहिलो. प्रत्येक हाळीनंतर एका उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबायचो, मग पाऊल उचलायचो. वडील थांबायचे तसा. चुलत भावांच्या रानातून त्यांच्या हाळ्या येत होत्या आणि त्यांच्यामागून उत्तरं. एका ठिकाणी तर तीन-चार पोरं एकदम उत्तर देत होती आणि कुणीतरी त्यांना दटावत होतं, "एकानं द्या रं, गोंधळ कावून करता?" माझी हाळी त्यांनाही ऐकू जात असणार. तिच्यामागं काही येत नाही, हेही ऐकू जात असणार. कुणी विचारायला आलं नाही. त्यांची फेरी चालू होती, ते योग्यच होतं.

तिसऱ्या बांधावर थोडा वेळ मी नुसताच उभा होतो. मुलगी चालायची त्या जागी, माझ्या मागं, पावलाएवढी पायवाट मोकळी होती. मी एकदा मागं वळून बघितलं. वळायचं नसतं, तरी बघितलं.

चौथा बांध विहिरीकडचा. तिथं ज्वारी संपते आणि सकाळी मी जी वाट पाडली होती तिच्यातून कोपापर्यंत दिसतं. मी हाळी दिली आणि त्या फटीतून बघितलं. आई खुर्चीत ताठ बसली होती. उत्तर देत होती. एकदा देऊन झालं की जरा थांबायची, पुन्हा द्यायची. माझ्या हाळीशी तिचा मेळ नव्हता. तिला माझा आवाज जात नव्हता, ती आपल्या अंदाजानं देत होती, आणि बहुधा पहिल्या बांधापासून तसंच चाललं होतं. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. उत्तरेला, केजकडे होतं.

एक उत्तर वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत आलं. बारीक, पण पुरं. ते मला दिलेलं होतं की दुसऱ्या कुणाला, सांगता येणार नाही. मी ते धरलं आणि फेरी संपवली.

कोपापाशी आलो तेव्हा तिला धाप लागली होती. चेहरा मात्र खुश होता.

"एक बी हाळी सोडली न्हाई बघ म्या. सगळी ऐकू आली का?"

मोंढ्यात मी कुणाच्या सांगण्यावरून किलोभर इकडचं तिकडं केलेलं नाही. त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

"आली," मी म्हणालो. "सगळी."

"चौथ्या बांधाला?"

"तिथंही."

"मग झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाढ आता. म्हाताऱ्याला बलीव."

म्हातारबा आले. पहिला घास घेऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मीठ बी गेलं का कारखान्यावर, कोयता घेऊन?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या लहानशा कोपात आम्ही तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. तरी तो मला मोठा वाटत होता. भज्जी पातेलंभर उरली. बांधावरून दिवसभरात कुणीही गेलं नाही, जो तो आपल्या रानात होता.

दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून रानाभोवती फिरवतात. त्याची तयारी करत होतो तेव्हा मुलीचा फोन आला. तिच्यामागं खूप आवाज होते, भांड्यांचे, लहान मुलांचे.

"पप्पा, जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"लई जेवले. हितं तीस-पस्तीस माणसं हायेत. कोप केवढा मोठा केलाय, तुम्ही बघायला पाहिजे होता." मग जरा हळू आवाजात, "मागं कोण होतं?"

"आजी."

"आजी चालली?"

"कोपात बसून दिली हाळी."

तिला आमचं रान माहीत आहे, ज्वारी कुठं आहे आणि हरभरा कुठं, तेही. "ऐकू आली का?" तिनं विचारलं.

"एक आली," मी म्हणालो. आई लांब बसली होती, तिला ऐकू गेलं नसावं.

मला तिला एक विचारायचं होतं. तिच्या सासऱ्यांची फेरी चालू असताना ती कुठं होती आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला होतं. शब्द जुळवेपर्यंत पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, "आगं ये की, पेटवायलेत!" आणि ती म्हणाली, "ठेवते पप्पा. आजीला सांगा, फोन केलता म्हणून."

मी पेंढी पेटवली, एकटाच रान फिरून आलो आणि ती विहिरीजवळ विझवली. उजेड गेल्यावर घाटाकडचे डोंगर नुसते काळे दिसत होते. त्यांच्यापलीकडे कुणाचा जाळ दिसतो का म्हणून मी धारूरकडे तोंड करून उभा राहिलो. दिसण्यासारखं अंतर नाही, हे मला माहीत होतं.

मागून आईचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "आरं चल की. गारठा पडायलाय."

"आलो," मी म्हणालो, आणि खुर्ची उचलायला वळलो.